एक चॅनेल तसंच ठेवा: स्वस्त स्टीरिओ अँप्लिफायर सुधारताना

स्टीरिओ अँप्लिफायरचं झाकण उघडलं की आत जवळजवळ सगळं जोडीने दिसतं. डाव्या चॅनेलला जे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर, तेच उजव्याला. एकाच आराखड्यावरून बांधलेली, सारखीच वापरली गेलेली, सारखीच म्हातारी झालेली जुळी भावंडं. अँप्लिफायर सुधारू पाहणाऱ्याला याच्याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही, आणि बहुतेक जण ती पहिल्याच संध्याकाळी घालवून बसतात. दोन्ही बाजूंचे भाग एका दमात बदलतात, आवडतं गाणं लावतात आणि आवाज ‘खुलला’ असं ठरवतात. कशाच्या तुलनेत खुलला? तुलनेला जुनं काही उरलेलंच नसतं. कालचा आवाज फक्त आठवणीत असतो, आणि आवाजातले बारकावे आठवणीत फार टिकत नाहीत.

माझा आग्रह एवढाच आहे, की बदल आधी एकाच चॅनेलमध्ये करा. दुसरं तसंच ठेवा. ते तुमचा साक्षीदार आहे. बिघाड शोधायचा असो की सुधारणा पारखायची असो, खाली येणारी प्रत्येक गोष्ट या साक्षीदारामुळे सोपी होते.

स्वस्त अँप्लिफायरमध्ये सुधारणेला वाव असतो, हे खरं आहे. पण बनवणाऱ्याने वाचवलेला प्रत्येक पैसा कानाला जाणवतोच असं नाही. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर जेमतेम २० वॉटचा होता. ब्यॉर्न एरिक एडव्हार्डसन या अभियंत्याने तो आखला. त्यात उंची भाग नव्हते, दिसायला तो साधाच होता. पण अवघड स्पीकर जोडला तरी त्याला लागेल तो करंट पुरवायची त्याची तयारी होती, आणि आवाज मर्यादेपलीकडे गेला तर लाटांचे शेंडे अलगद गोल करणारी ‘सॉफ्ट क्लिपिंग’ची सोय होती. खर्च नेमका कुठे करायचा, हे त्यात नीट ठरवलेलं होतं. घरी सुधारणा करतानाही आपल्यासमोर हाच प्रश्न असतो.

टाकी, नळ आणि हात

अँप्लिफायर सिग्नल ‘मोठा करतो’ असं आपण म्हणतो. आत घडतं ते जरा वेगळं आहे. ट्रान्सफॉर्मर मेन्सचं, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधून येणाऱ्या विजेचं, व्होल्टेज उतरवतो. ब्रिज रेक्टिफायर उलटसुलट वाहणाऱ्या करंटला एका दिशेला लावतो. मग दोन मोठे कपॅसिटर ती वीज टाकीसारखी साठवून धरतात. स्पीकरला मिळणारी सगळी ताकद या टाकीतून येते. गाण्याचा इवलासा सिग्नल फक्त नळ फिरवतो, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर हा तो नळ. सिग्नल वर गेला की नळ जास्त उघडतो, खाली आला की मिटतो. त्या नळावरचा हात म्हणजे आधीचं नाजूक सर्किट: इनपुट, व्हॉल्यूम, टोन, ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी आयसी).

टाकीची उपमा सुरक्षिततेलाही लागू पडते. प्लग काढला तरी टाकी भरलेली असू शकते. मल्टिमीटरने मोजा, आणि व्होल्टेज असेल तर १०० ते ४७० ओमचा, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी लावून ती रिकामी करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत कपॅसिटरलाही वाईट आणि डोळ्यांनाही. ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूचं काम येत नसेल तर तिकडे हात घालू नका. मेन्सची अर्थिंग कोणत्याही कारणासाठी तोडू नका, घरघर जात असली तरीही. फ्यूज उडाला तर त्याच रेटिंगचा घाला.

आणखी एक साधन जवळ असायलाच हवं: सिरीज लॅम्प. काम झाल्यावर ट्रान्सफॉर्मरवाला अँप्लिफायर पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत तंतूचा ४० किंवा ६० वॉटचा दिवा जोडायचा. एलईडी दिवा इथे कामाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर टाकी भरली आणि पुढे सगळं शांत आहे. झगझगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि त्या दिव्याने तुमचे आउटपुट ट्रान्झिस्टर वाचवले.

आधी दुरुस्ती

‘सुधारणा’ म्हणून सांगितला जाणारा फरक पुष्कळदा दुरुस्तीचा असतो. वीस वर्षं चाललेल्या अँप्लिफायरमध्ये नवे कपॅसिटर घातले आणि बास परत आला, तर तो त्या कपॅसिटरच्या ब्रँडमुळे आला असं म्हणता येत नाही. जुने वाळले होते, नवे वाळलेले नाहीत, एवढंच कारण पुरेसं असतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. एक ठोकताळा आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, १० अंशांनी उतरलं की दुप्पट. आता ८५ अंशांना २००० तास असं रेटिंग असलेला कपॅसिटर घ्या. पेटीच्या आत तो ६५ अंशांवर राहत असेल, तर त्याचे ८००० तास होतात. रोज चार तास ऐकलं तर साडेपाच वर्षं. तोच कपॅसिटर १०५ अंशांना २००० तासांचा असता, तर ३२,००० तास, म्हणजे जवळपास बावीस वर्षं. दोघांच्या किमतीत फरक किरकोळ असतो. स्वस्त अँप्लिफायरमध्ये मला सगळ्यात पटणारा बदल हाच आहे, आणि तो नव्या नवलाईसाठी केलेला नसतो, पुढच्या वीस वर्षांसाठी असतो. हीट सिंकला (ट्रान्झिस्टर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला) किंवा गरम होणाऱ्या रेझिस्टरला चिकटून बसलेले कपॅसिटर आधी बदला. व्होल्टेजचं रेटिंग मूळ भागाइतकं किंवा त्याहून जास्त हवं, आणि उलटसुलट लावण्याची चूक तर एकदाही परवडत नाही. काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

मग टाकीच मोठी केली तर? इथे थोडं गणित करायला हवं. मेन्स ५० हर्ट्झची असेल तर टाकी सेकंदाला शंभरदा भरते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एकदा. मधल्या काळात १ अँपिअर करंट ओढला, तर ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज सुमारे २.१ व्होल्टने उतरतं. १०,००० मायक्रोफॅरड लावले तर १ व्होल्टने. मूळ व्होल्टेज २५ असेल तर आपण कमावला साधारण एक व्होल्ट, तोही पूर्ण आवाजात. मोजला तर हा लाभ अर्ध्या डेसिबलहूनही कमी. उलट चालू करतानाचा पहिला झटका मोठा होतो, कारण रिकामी मोठी टाकी एकदम करंट ओढते, आणि तो भार फ्यूज नि ब्रिज रेक्टिफायरवर पडतो. मूळ कपॅसिटरच्या जागेत बसेल असा एक पायरी मोठा घालायला हरकत नाही. त्यापुढे जाऊन शेजारी वेगळी कपॅसिटर बँक उभी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

घरघर कुठून येते हे तिच्या सुरावरून कळतं. भरदार, खालचा ‘घूं’ हा ५० हर्ट्झचा असतो. तो अर्थिंगच्या जोडण्यांमधून किंवा तारेने ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडल्यामुळे येतो. त्याहून वरचा, जरा कर्कश ‘झूंऽऽ’ १०० हर्ट्झचा असतो आणि तो टाकीकडे बोट दाखवतो. मेन्स ६० हर्ट्झची असेल तिथे हेच आकडे ६० आणि १२०. दोन्ही चॅनेलमध्ये सारखी घरघर असेल तर दोघांना सामाईक असलेला वीजपुरवठा तपासा. एकातच असेल तर त्याच चॅनेलचं इनपुट, तार किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका. जुळ्या भावंडांची साक्ष इथेच कामाला येऊ लागते.

अशीच आणखी एक ठळक तक्रार: अँप्लिफायर चालू केला की एक बाजू दबलेली किंवा फाटकी येते, व्हॉल्यूम क्षणभर वाढवला की ‘खट’ होऊन साफ होते. लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात. बहुतेक वेळा दोष असतो स्पीकर प्रोटेक्शनच्या रिलेमध्ये, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये. त्याच्या संपर्कावर थर साचतो, कमी आवाजातला सिग्नल तो थर ओलांडू शकत नाही आणि मोठा झटका आला की वाट मोकळी होते. रिले हा स्वस्त भाग आहे. घासून साफ करण्यापेक्षा त्याच कॉइल व्होल्टेजचा आणि तेवढाच करंट पेलणारा नवा बसवा.

व्हॉल्यूम पॉटबद्दल, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरबद्दल, मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण स्वस्त अँप्लिफायरचा खरा कमकुवत दुवा बऱ्याचदा तोच असतो. एका दांड्यावर दोन कार्बनचे ट्रॅक, आणि दोघांनी पावलाला पाऊल मिळवून चालायचं. मधोमध ते जमतं. अगदी खालच्या टोकाला, म्हणजे रात्री हळू आवाजात ऐकताना, एक ट्रॅक मागे पडतो. गायक मधून सरकून एका बाजूला जातो. दोन-तीन डेसिबलचा हा फरक कुणालाही ऐकू येतो, त्यासाठी तयार कान लागत नाही. खरखर असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीसेक वेळा फिरवून पाहा. तोल जात असेल तर चांगल्या दर्जाचा नवा पॉट लावा. रेझिस्टन्स मूळचाच हवा: ५० किलोओमच्या जागी ५० किलोओम. तो लॉग प्रकारचाच हवा, लिनिअर लावला तर सगळा आवाज पहिल्या पाव फेरीतच येऊन बसतो. एवढ्या कमी खर्चात स्टीरिओचं चित्र इतकं सावरणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

ऑप-अँप बदलण्याची ओढ

आठ पायांची आयसी सॉकेटमध्ये असेल तर ती बदलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. म्हणूनच हा बदल सगळ्यात लोकप्रिय आहे. ४५५८ काढा, टीएल ०७२ लावा. ते काढून एनई ५५३२ लावा. या सगळ्या दुहेरी ऑप-अँपच्या पायांची मांडणी सारखीच असते.

फरक कुठे पडायला हवा ते पाहू. ऑप-अँप किती वेगाने व्होल्टेज बदलू शकतो त्याला स्ल्यू रेट म्हणतात. जुन्या ४५५८ चा तो साधारण १.७ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, टीएल ०७२ चा १३ आणि एनई ५५३२ चा ९. आकडे पाहून ४५५८ बिचारा वाटतो. पण टोन सर्किटमध्ये सिग्नलचा शेंडा २ व्होल्टचा धरला आणि सूर २० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारं वरचं टोक, तर गरज निघते ०.२५ ची. ४५५८ कडे तिच्या सहापट वेग आहे. तेव्हा साध्या लाइन स्टेजमध्ये नुसत्या वेगामुळे काही ऐकू येण्याचं कारण नाही.

फोनो स्टेजची गोष्ट निराळी. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो आणि तो खूप वाढवावा लागतो, त्यामुळे आयसीचा स्वतःचा ‘सूऽऽ’ आवाजही त्याच्याबरोबर वाढतो. टीएल ०७२ चा जुन्या डेटाशीटमधला नॉइज १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, एनई ५५३२ चा ५. इथे बदल करा, फरक कानाला कळेल.

पण बदलाबरोबर दोन धोके येतात. एनई ५५३२ च्या इनपुटमधून सुमारे २०० नॅनोअँपिअर बायस करंट वाहतो (पुढे येणारा आउटपुटचा बायस वेगळा). वाटेत १०० किलोओमचा रेझिस्टर असेल तर त्यावर २० मिलिव्होल्ट डीसी उभा राहतो. तो व्हॉल्यूम पॉटवर पोहोचला की साफ असलेला पॉटही खरखरू लागतो. टीएल ०७२ मध्ये हा करंट जवळजवळ नसतोच. दुसरा धोका आंदोलनाचा: वेगवान आयसी, लांब ट्रॅक आणि जवळ सप्लाय स्थिर ठेवणारा डिकपलिंग कपॅसिटर नाही, अशी स्थिती असेल तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या सुरात स्वतःच गाऊ लागते, तापते, आणि आवाज कसातरीच होतो. सप्लायच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला की बहुतेक वेळा हे टळतं.

बायस: हात लावण्याआधी मोजा

क्लास एबी अँप्लिफायरमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. मधोमध एक दुसऱ्याच्या हाती सूत्रं देतो. त्या क्षणी दोघेही झोपलेले असतील तर लाटेत खाच पडते. तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, आणि ती मोठ्या आवाजापेक्षा हळू आवाजात जास्त बोचते. हे टाळायला दोघांनाही थोडंसं जागं ठेवणारा करंट म्हणजे बायस. तो प्रीसेटने (बोर्डवरच्या छोट्या फिरत्या रेझिस्टरने) लावलेला असतो, आणि वर्षं गेली की सरकतो.

मोजायचा कसा? आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेला कमी रेझिस्टन्सचा, बहुधा ०.२२ ओमचा, एमिटर रेझिस्टर शोधा. सिग्नल नाही, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले, अँप्लिफायर वीस मिनिटं तापलेला. रेझिस्टरच्या दोन टोकांवर ५ मिलिव्होल्ट दिसले तर बायस साधारण २३ मिलिअँपिअर. आता हेच दुसऱ्या चॅनेलमध्ये मोजा. एकीकडे ५ आणि दुसरीकडे १ असेल, तर साक्षीदार बोलला. योग्य आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. बायस लावताना सिरीज लॅम्प काढलेला हवा, नाहीतर आकडा खोटा लागतो.

प्रीसेट केसभर फिरवा आणि थांबा. जुन्या प्रीसेटचा मधला संपर्क क्षणभर सुटला तर काही सर्किटमध्ये बायस एकदम कमाल होतो आणि ट्रान्झिस्टर जळतात. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा. ‘बायस जास्त केला की आवाज उबदार होतो’ या समजुतीने तो चढवत जाऊ नका. ठरलेल्या आकड्यापलीकडे गेल्यावर छोट्या लाटेसाठी दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून काम करतात आणि मोठ्या लाटेसाठी एकच, आणि त्या बदलाच्या पायरीतून नवीनच विकृती येते. उष्णता वाढते ती वेगळीच.

मीटर हातात आहे तोवर स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसीही मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत राहा. व्होल्टमध्ये असेल तर स्पीकर जोडूच नका.

आता ज्यांना हात लावू नये असे भाग. ड्रायव्हर ट्रान्झिस्टरजवळचा काही पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर, आणि आउटपुटला असलेली १० ओम व ०.१ मायक्रोफॅरडची जोडी. दिसायला क्षुल्लक, पण अँप्लिफायर आंदोलनात जाऊ नये याची जबाबदारी यांच्यावर असते. हीट सिंकला चिकटलेला लहान ट्रान्झिस्टरही तसाच महत्त्वाचा: तो उष्णता ओळखून बायस आवरतो. तो सैल ठेवला तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापत जातात आणि तापल्यामुळे आणखी करंट ओढतात. आउटपुट ट्रान्झिस्टर धडधाकट असतील तर बदलू नका, बाजारात नकली माल अफाट आहे.

छोट्या क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) अँप्लिफायरमध्ये उघडून बदलण्यासारखं थोडंच असतं, तिथे फरक पडतो अडॅप्टरने. ब्रिज जोडणीत, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारांना सिग्नल देणाऱ्या जोडणीत, १२ व्होल्टवर ८ ओमच्या स्पीकरला फार तर ९ वॉट मिळतात, २४ व्होल्टवर ३६. पण बोर्डवरचे कपॅसिटर २५ व्होल्टचेच असतील तर २४ व्होल्ट देणं जोखमीचं. या प्रकारात स्पीकरची काळी तारही ‘जिवंत’ असते, ती अर्थला किंवा दुसऱ्या चॅनेलच्या काळ्या तारेला जोडायची नाही.

साक्ष घेण्याची पद्धत

समजा उजव्या चॅनेलमधले सिग्नलच्या वाटेवरचे कपॅसिटर तुम्ही बदलले. आता मोनो सिग्नल दोन्ही इनपुटला द्या आणि ऐका. फरक वाटला तर स्पीकरच्या तारा डावी-उजवीकडे अदलाबदल करा. फरकही जागा बदलून गेला तर तो अँप्लिफायरमध्ये आहे. जागेवरच राहिला तर तो स्पीकरचा किंवा खोलीचा.

याहून कठोर परीक्षाही आहे. नेहमीच्या, ब्रिज नसलेल्या अँप्लिफायरमध्ये मुख्य स्पीकर काढा आणि एक लहान स्पीकर दोन्ही चॅनेलच्या लाल टर्मिनलच्या मध्ये जोडा. एक तार डाव्या लालला, दुसरी उजव्या लालला. मोनो सिग्नल द्या, आवाज कमीच ठेवा. दोन्ही चॅनेल अगदी सारखे असतील तर या स्पीकरवर व्होल्टेजच पडत नाही आणि तो गप्प बसतो. जे ऐकू येतं तो निव्वळ फरक. बॅलन्सचं बटण फिरवून तो कमीत कमी करा, कारण पॉटमधली तफावत आधी ऐकू येते. उरलेली कुजबुज हा तुमच्या नव्या कपॅसिटरचा परिणाम, अधिक दोन चॅनेलमधला मूळचा थोडा फरक. म्हणून ही परीक्षा बदलाच्या आधीही एकदा घेऊन ठेवा. डेव्हिड हाफलर यांनी १९८० च्या दशकात आपल्या अँप्लिफायरसाठी याच तत्त्वाची चाचणी मांडली होती: आत गेलेला आणि बाहेर आलेला सिग्नल एकमेकांतून वजा करून उरलेलं ऐकायचं.

वीजपुरवठा दोन्ही चॅनेलना सामाईक असल्यामुळे तिथल्या बदलाची परीक्षा अशी घेता येत नाही. तिथे मीटर, आणि घरघरीचं आधी-नंतर केलेलं रेकॉर्डिंग, यांवर भिस्त ठेवावी लागते.

ताकद वाढवण्याच्या मोहाबद्दल थोडक्यात. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९० चा लावला तर तेच ३ डेसिबल अँप्लिफायरचा एक स्क्रूही न काढता मिळतात.

उजवं चॅनेल जिंकलं तर आठवडाभर तसंच ऐका, मग डावं करा. काढलेले भाग जागेच्या नावासह पाकिटात ठेवा. झाकण लावण्याआधी आत एक कागद चिकटवा: तारीख, काय बदललं, दोन्ही चॅनेलचा बायस, दोन्हीचा डीसी. पुढच्या वेळी हे झाकण जो उघडेल, त्याचं मोजमाप या चार आकड्यांपासून सुरू होईल.